आडवे चालणारे चाक आणि भोजाची कसोटी

इसवी सन २०१६ मध्ये कॅनडातील एका संशोधकाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत एक लहानशी मोटार खेकड्याप्रमाणे सरळ बाजूला सरकते आणि जागच्या जागी गिरकीही घेते. विशेष हे की, त्या वेळी तिच्या चाकांची तोंडे वळलेली नसतात. टायर नेहमीच्या दिशेने फिरतोच. शिवाय काठीवर घट्ट बसलेले रबरी कडे लोळवीत खाली आणावे, तसा तो स्वतःभोवतीही लोळू शकतो. ही चाके कोणत्याही मोटारीला बसविता येतील, असा त्या संशोधकाचा दावा होता. चित्रफीत पाहून कित्येकांनी तोंडात बोट घातले, तर कित्येकांनी हे रस्त्यावर टिकणारे नव्हे म्हणून मान हलविली. पुढील वर्षांत ही चाके बाजारातील मोटारींवर आली नाहीत.

तेवढ्यावरून संशय घेणाऱ्यांचा जय झाला असे म्हणावे काय? प्रश्न इतका सोपा नाही. नवे यंत्र पुढे आले असता त्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा आणि संशय कशाच्या आधारे घ्यावा, ही विवंचना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. माळव्यातील धार नगरीत सुमारे एक हजार वर्षांपूर्वी तिचा विचार झाला होता. आणि आज मोटारींची कसून परीक्षा घेणारा भारतातील एक मोठा परीक्षामार्गही त्याच धार जिल्ह्यात आहे. या दोन टोकांमधील इतिहास उद्बोधक आहे.

धार व देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. पेशवाईत माळव्यात शिरलेल्या पवार सरदारांनी धार येथे आपली गादी स्थापिली. त्यांच्याच घराण्यातील तुकोजी व जिवाजी या बंधूंनी देवासला थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदविली. हे पवार आपले मूळ माळव्याच्या परमार राजकुळाशी जोडीत असत. त्याच परमार कुळातील राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धार येथे राज्य करीत होता.

भोजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ मुख्यतः वास्तुशास्त्राचा आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत १९२४ व १९२५ साली गणपतिशास्त्री यांनी तो दोन भागांत संपादून प्रसिद्ध केला. त्यातील एकतिसावा अध्याय यंत्रांसंबंधी आहे. पाणी उडविणाऱ्या मूर्ती, दारावर पहारा करणारे लाकडी पुरुष, हालचाल करणाऱ्या बाहुल्या, अशा नाना यंत्रांचे वर्णन त्यात येते. त्यात एक लाकडी पक्षीही आहे. हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करावा, त्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र ठेवून त्याखाली अग्नी ठेवावा, म्हणजे आत बसलेला मनुष्य आकाशात दूर जातो, असे त्यात सांगितले आहे. मात्र यंत्र नेमके कसे जुळवावे ते ग्रंथकाराने सांगितलेले नाही. हे अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी, असा खुलासाही त्याने केला आहे.

हा खुलासा वाचून आजचा वाचक थबकतो. यंत्र चालते, पण ते कसे चालते हे गुपित आहे, असे म्हणणारे लोक प्रत्येक शतकात आढळतात. भोज राजा विद्वान होता, त्याच्या ग्रंथाची योग्यता मोठी आहे. तरीही पाऱ्याच्या वाफेने लाकडी पक्षी उडाला, एवढे या वर्णनावरून सिद्ध होत नाही. जे करून दाखविता येत नाही आणि ज्याची रचनाही सांगितली जात नाही, त्याविषयी संशय घेणे हा पूर्वजांचा अपमान नव्हे.

पाऱ्याची ही ओढ चाकापर्यंतही पोहोचली होती. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ रचिला. त्यात आपोआप फिरणाऱ्या एका चक्राचे वर्णन आहे: चाकाला पोकळ आरे बसवावेत, ते अर्धे पाऱ्याने भरून बंद करावेत, म्हणजे चाक स्वतःच फिरत राहील. खानदेशात चाळीसगावजवळील पाटणे येथे भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांच्या एका पूर्वजाला भोजराजाने ‘विद्यापति’ ही पदवी दिली होती, असे त्यात म्हटले आहे. धारच्या दरबाराचा धागा अशा रीतीने खानदेशातील या थोर गणितज्ञाच्या घरापर्यंत येतो.

हे चक्र का फिरत नाही? उतरत्या बाजूच्या आऱ्यांतील पारा बाहेरच्या टोकाकडे जातो व ती बाजू जड होते, ही कल्पना प्रथम पटते. परंतु खाली गेलेला पारा दुसऱ्या बाजूने पुन्हा वर चढवावा लागतो. एका पूर्ण फेऱ्यात उतरताना जे मिळाले ते चढताना परत द्यावे लागते, आणि आसाचे घर्षण मात्र वेगळे सोसावे लागते. म्हणून चाक थोडे हेलकावून थांबते. ग्रहगणितात ज्यांची बुद्धी अशी तीक्ष्ण चालली, त्यांच्या ग्रंथातही हे चक्र आले, यावरून एक बोध घेता येतो. मोठे नाव हा यंत्राचा पुरावा होऊ शकत नाही.

तथापि भोजाचा अध्याय एवढ्यावर मिटून ठेवणे अन्यायाचे होईल. त्याच अध्यायात उत्तम यंत्राचे गुण सांगितले आहेत. यंत्राचे भाग एकमेकांशी बरोबर जुळलेले असावेत; त्यात सफाई असावी; ते वजनाला हलके असावे; जेथे आवाज नको तेथे ते आवाज करू नये; ते सैल पडू नये, तसेच ताठरही होऊ नये; वाहनात त्याची गती अडखळू नये; जे कार्य अभिप्रेत असेल ते त्याने हव्या त्या वेळी करावे; आणि ते दीर्घकाळ टिकावे. रचना झाकणाऱ्या ग्रंथकाराने परीक्षेची साधने मात्र वाचकाच्या हाती दिली आहेत. या कसोटीवर आडवे चालणारे चाक घासून पाहणे हाच न्याय्य मार्ग होय.

त्यासाठी प्रथम साधे चाक काय करते ते ध्यानात घेतले पाहिजे. बैलगाडीचे चाक पुढे लोळते, ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. पण ते बाजूला लोळत नाही, या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः वाहनाचे सारे वळणे या दुसऱ्या गुणावर अवलंबून असते. मोटार वेगाने वळणावर येते तेव्हा ती सरळ रेषेत बाहेर फेकली जाऊ पाहते. टायर रस्त्याला धरून आडव्या दिशेने विरोध करतो, म्हणूनच ती वळते. हा विरोध नाहीसा झाला तर सुकाणू कितीही फिरविले तरी गाडी शेतात जाईल. चिखलात किंवा सांडलेल्या तेलावर गाडी घसरते तेव्हा हाच विरोध क्षणभर सुटलेला असतो. म्हणजे चाकाचे आडवे न चालणे हा त्याचा दोष नसून त्याच्या उपयुक्ततेचा अर्धा भाग आहे. जो संशोधक ही अडवणूक दूर करू पाहतो, त्याने ती हवी तेव्हा परत कशी आणणार, हे सांगितले पाहिजे.

असे प्रयत्न पूर्वीही झाले आहेत. जे. ग्रॅबोविएकी या गृहस्थांना १९१९ साली अमेरिकेत अशाच एका चाकाचे पेटंट मिळाले. मोठ्या चाकाच्या घेरावर लहान लहान आडवे रूळ बसविलेले. चाक पुढे फिरावे आणि रुळांमुळे बाजूलाही सरकावे, अशी ती योजना होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमधील बेंग्ट इलॉन या अभियंत्याने तीत मोठी सुधारणा केली. त्याने रूळ आडवे न बसविता पंचेचाळीस अंशांनी तिरपे बसविले व चारही चाकांना स्वतंत्र गती दिली. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन चाके पुढे आणि उरलेली दोन मागे फिरविली की त्यांचे पुढचे-मागचे जोर एकमेकांना खाऊन टाकतात, आडवे जोर मात्र एकत्र होतात आणि वाहन बाजूला जाते. इलॉन ज्या कंपनीत होता तिच्या नावावरून या चाकाला ‘मेकॅनम चाक’ म्हणतात.

येथे फसवणूक नाही आणि गुपितही नाही. पेटंटात रचना उघड करावीच लागते. ज्याला शंका असेल त्याने ती वाचावी व चाक करून पाहावे. इलॉनचे चाक खरोखर चालते. ओझी उचलणाऱ्या गाड्यांत, विमानांचे प्रचंड भाग हलविणाऱ्या वाहनांत आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या यंत्रमानवांत ते आज वापरले जाते. मग ते रस्त्यावरील मोटारीला का लागले नाही? भोजाची कसोटी येथे उपयोगी पडते. हलकेपणा पाहावा, तर साध्या चाकापेक्षा त्यात भाग पुष्कळ. आवाज पाहावा, तर एका रुळावरून दुसऱ्या रुळावर भार जाताना धक्के बसतात. सैलपणा पाहावा, तर प्रत्येक रुळाला आपला आस असून त्यात धूळ व खडे शिरण्यास वाव असतो. दीर्घकाळ टिकण्याचा विचार करावा, तर गाडीचे सर्व वजन त्या लहान रुळांवर येते. कारखान्याच्या गुळगुळीत जमिनीवर, मंद गतीने, हे सर्व चालून जाते. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने खड्ड्यांतून जाणाऱ्या मोटारीला ते चालत नाही. यंत्र खोटे नव्हते. त्याचे स्थान निराळे होते.

२०१६ च्या चाकालाही हेच प्रश्न विचारावे लागतात. त्याचा टायर स्वतःभोवती लोळू शकतो; तेव्हा वळणावर तो लोळू नये म्हणून त्याला धरून ठेवण्याचे काम आतील यंत्रावर येते. ते यंत्र बिघडले तर काय होईल? टायर पंक्चर झाला तर? पाण्यातून गाडी गेली तर? मोकळ्या पटांगणात सावकाश सरकणारी मोटार दाखवून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. चित्रफीत यंत्र हलते एवढे सांगते. ते किती दिवस हलेल आणि कोणत्या किमतीला, हे सांगत नाही.

शिवाय गरज तरी केवढी, हाही विचार आहेच. अरुंद जागेत मोटार उभी करण्याची अडचण जुनी आहे. कॅलिफोर्नियातील ब्रूक्स वॉकर याने १९५० च्या दशकात मोटारीच्या मागील पेटीतील जादा चाक आडवे खाली सोडून गाडीचा मागचा भाग बाजूला फिरविण्याची युक्ती दाखविली होती. युक्ती चालली, परंतु सामानाची जागा यंत्राने खाल्ली. मोटार बनविणाऱ्यांनी ती स्वीकारली नाही. २०२३ च्या जानेवारीत दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई मोबिस कंपनीने अमेरिकेत लास व्हेगास येथे अशी एक विजेची मोटार दाखविली की, जिचे प्रत्येक चाक नव्वद अंशांत वळते. गाडी खेकड्यासारखी आडवी जाते, परंतु टायर नेहमीचाच असतो. ज्यांना आडवे जायचे आहे त्यांनी चाकाचा स्वभाव बदलण्याऐवजी त्याचे तोंड वळवावे, असा हा दुसरा मार्ग होय. त्याचीही अंतिम परीक्षा किंमत व टिकाऊपणा यांवरच होईल.

येथपर्यंत संशयाची बाजू झाली. परंतु संशयही चुकतो, हे सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच घेतले होते. घोडागाड्यांवर त्याचे प्रयोग यशस्वी झाले. तरी लोकांनी लक्ष दिले नाही आणि कल्पना जवळजवळ विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तसेच टायर पुन्हा तयार केले. फुगलेली ती जाड चाके पाहून लोक हसले. १८८९ मध्ये तेच टायर लावलेल्या सायकलीवरून विल्यम ह्यूम या स्वाराने बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि हसणे थांबले. ज्या टायरच्या जोरावर आज आडव्या चाकाविषयी संशय घेतला जातो, तोच टायर चार दशके संशयाखाली दबून राहिला होता.

दोन्ही प्रकारांत संशयच होता. परंतु एक पाहावयास तयार होता, दुसरा नव्हता. ख्रिस्ती परंपरेत थोमा प्रेषिताचे नाव संशयाशी कायमचे जोडले गेले आहे. तथापि शुभवर्तमानातील त्याची मागणी केवळ पाहण्याची व स्पर्श करण्याची होती, आणि ती धिक्कारली न जाता त्याच्यापुढे जखमा ठेवण्यात आल्या. पाहिल्यावर त्याने विश्वास ठेवला. हाच थोमा पुढे भारतात आला अशी परंपरा आहे. संशय प्रामाणिक असेल तर तो पुरावा मागतो, आणि पुरावा मिळताच आपला हट्ट सोडतो.

पुरावाही कोठला, हे पाहावे लागते. देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने खाजगी चिटणीस होता. बागा, मोटारी, विजेचे घर इत्यादींची देखरेख त्याच्याकडे असे. त्याची देवासची पत्रे व आठवणी १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध झाल्या. राजवाड्यातील कोरे पियानो व पेटी माळव्याच्या कोरड्या हवेने तडकून निकामी झाल्याचे त्याने लिहिले आहे. ती वाद्ये विलायतेच्या हवेत बिघडली नसती. दोष कारागिराचा नव्हता. देवासच्या उन्हाळ्यात ती टिकतील काय, हे कोणी विचारले नव्हते. पैसा मात्र रयतेचा गेला. पुढे हे संस्थान कर्जात बुडाले आणि १९३३ च्या अखेरीस महाराजांना पाँडिचेरीस निघून जावे लागले. ही आपत्ती काही वाद्यांमुळे आली नाही. परंतु न पारखता केलेला खर्च कोणत्या वळणाने जातो, त्याचे हे लहानसे चिन्ह होय.

यंत्राच्या बाबतीत पैशापेक्षाही मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. मुंबई-आग्रा रस्ता धार जिल्ह्यातून निमाडात उतरतो, तेथे गणपती घाट आहे. या उतारावर मालमोटारींचे ब्रेक निकामी होऊन कित्येक जीव गेले आणि अखेर वाहनांसाठी निराळा मार्ग काढावा लागला. भार, उतार व उष्णता एकत्र आल्यावर जुनी, सर्वमान्य, लक्षावधी वेळा पारखलेली साधनेदेखील दगा देतात. मग पटांगणात काही मिनिटे चाललेल्या चाकावर कुटुंबाला बसवून घाट उतरण्यास कोण धजेल? पावसाळ्यात माळव्याची काळी माती बैलगाडीच्या साध्या धावेलाही जाड लेप देऊन टाकते. ती रुळांच्या फटींत शिरली तर काय होईल, हे शेतकऱ्याला कोणत्याही ग्रंथाविना कळते.

याच जिल्ह्यात पीथमपूर आहे. १९८० च्या दशकापासून तेथे कारखानदारी वाढली. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर तेथे तयार होत असे. बजाज टेम्पोनेही तेथे कारखाना काढला. त्यामुळे मराठी घरांच्या दारात उभ्या राहिलेल्या कित्येक वाहनांचे जन्मस्थान धार जिल्हाच होते. पीथमपूरजवळ सुमारे एक हजार एकर जागेत केंद्र सरकारने मोटारींच्या परीक्षेचे केंद्र उभारले. तेथील ११.३ किलोमीटर लांबीचा, लंबवर्तुळाकार, अतिवेगाचा मार्ग २०२१ च्या जून महिन्यात खुला झाला; उद्घाटनाच्या वेळी तो आशियातील सर्वांत लांब म्हणून सांगितला गेला. त्या मार्गाशिवाय ब्रेकची परीक्षा, चढाची परीक्षा, ओल्या रस्त्यावरील पकड, आवाजाचे मोजमाप आणि खडबडीत फरशीवर वाहनाचे सांधे किती काळ तग धरतात याची तपासणी, यांकरिता निराळे मार्ग आहेत.

या यादीशेजारी भोजाची यादी ठेवून पाहावी. आवाज नसणे, सांधे सैल न पडणे, गती न अडखळणे, दीर्घकाळ टिकणे: शब्द जुने, पण परीक्षा तीच. फरक एवढाच की, भोजाने गुण सांगितले आणि रचना झाकली. पीथमपूरला रचना उघडी ठेवून गुण मोजावे लागतात. धारच्या भूमीवर या एक हजार वर्षांत एवढी मजल मारली गेली, आणि ती पाऱ्याच्या पक्ष्यापेक्षा अधिक अभिमानास्पद आहे.

आडवे चालणारे चाक उद्या एखादा विद्यार्थी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याचे व लाकडाचे करून आणील. त्याला हसणे सोपे आहे, आणि पाठ थोपटून पुढे जाणे त्याहूनही सोपे आहे. त्याच्याजवळ बसून दोन प्रश्न विचारणे थोडे कष्टाचे आहे: बाळ, वळणावर हे चाक गाडीला कसे धरून ठेवील? आणि चिखलात गेले तर काय करशील? पहिल्या प्रश्नाने तो गोंधळेल. दुसऱ्या दिवशी तो नवा आराखडा घेऊन आला, तर त्याच्या चाकाची खरी सुरुवात तेथून झाली असे समजावे.